ट्रान्सप्लांटनंतर मुलांमधली व्हायरल इन्फेक्शन्स: काउंट आल्यानंतर काय काय सांभाळायचं

आमच्या लेकीचा बोनमॅरो ट्रान्सप्लांट झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. अठराव्या दिवशी तिचा एएनसी (रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा काउंट) ५०० च्या वर गेला, लागोपाठ तीन दिवस तसाच राहिला आणि सिस्टरने दारावरच्या चार्टवर त्या आकड्याभोवती लाल पेनने मोठा गोल काढला. आम्ही दोघं रडलो, सगळ्यांना फोन केले, झालं, सुटलो म्हणून. सुटलो वगैरे काही नव्हतो. पुढच्या पाच महिन्यांत आधी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), मग बीके व्हायरस (हा मूत्राशयाला त्रास देतो), मग परत सीएमव्ही असं चालू राहिलं, आणि त्यातलं निम्मं आम्हाला आधी कुणी नीट बसून सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेलही, पण त्या वेळी डोक्यात शिरलं नाही.

ज्यांच्या मुलांचा ट्रान्सप्लांट व्हायचाय किंवा नुकताच झालाय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध कोणतं आणि डोस किती हे तुमची टीमच ठरवणार. पण घरी थर्मामीटर तुमच्या हातात असतो, शूचा रंग तुम्ही बघता आणि रात्री दोनला फोन करायचा की सकाळची वाट बघायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं, त्यासाठी हे.

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: काउंट आले म्हणजे इम्युनिटी आली असं नाही

एएनसी म्हणजे न्यूट्रोफिल्स. त्या पेशी मुख्यतः बॅक्टेरिया आणि फंगसशी लढतात, आणि त्या दोन ते चार आठवड्यांत येतात. व्हायरसशी लढायचं काम टी सेल्सचं, आणि त्या नीट कामाला लागायला कितीतरी महिने जातात, बऱ्याच मुलांत सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. एटीजी (टी सेल्स मारणारं औषध) दिलं असेल, डोनर हाफ मॅच म्हणजे अर्धाच जुळणारा असेल, कॉर्ड ब्लड (नाळेतलं रक्त) असेल, किंवा जीव्हीएचडी (डोनरच्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार) झाला म्हणून स्टेरॉइड चालू असतील तर अजून उशीर. रिपोर्टवर डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा आकडा) छान दिसतो, मूल हसतं खेळतं, आणि तरी व्हायरससाठी दार सताड उघडं असतं. स्वतःच्याच स्टेम सेल्स परत दिलेल्या असतील, म्हणजे ऑटोलोगस, तर धोका बराच कमी असतो. मी जे सांगतेय ते जास्त करून दुसऱ्या डोनरच्या ट्रान्सप्लांटबद्दल आहे.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. यातले बरेच व्हायरस बाहेरून येतच नाहीत. सीएमव्ही, ईबीव्ही, एचएचव्ही-६, बीके, कांजिण्यांचा व्हायरस, हे लहानपणीच शरीरात शिरलेले असतात आणि आयुष्यभर आत झोपून राहतात, टी सेल्सचा पहारा उठला की जागे होतात. आमच्याकडे सीएमव्हीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात आठवडाभर 'कुणी आणला' यावर धुसफूस चालली होती, तिचा मामा मास्क न लावता दोन मिनिटं खोलीत आला होता म्हणून त्याच्यावर सगळं गेलं, तो बिचारा रडायचा बाकी होता. नंतर मी फाइल उघडून बघितली तर ट्रान्सप्लांटच्या आधीच्या रिपोर्टमध्ये तिचा सीएमव्ही आयजीजी (जुन्या इन्फेक्शनची खूण असलेली अँटिबॉडी) पॉझिटिव्ह होता. म्हणजे व्हायरस तिचाच, जुना. कृपा करून एकमेकांना दोष देत बसू नका, त्यात ताकद जाते आणि ती ताकद तुम्हाला हवी आहे.

२. ट्रान्सप्लांटच्या आधीच विचारून लिहून ठेवा

- मुलाचा आणि डोनरचा सीएमव्ही आयजीजी काय आहे. मूल पॉझिटिव्ह आणि डोनर निगेटिव्ह असेल तर सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण नवीन आलेल्या पेशींना तो व्हायरस ओळखीचाच नसतो.
- कोणकोणत्या व्हायरसची पीसीआर (व्हायरस मोजायची टेस्ट) करणार, आठवड्यातून किती वेळा, कुठल्या दिवसापर्यंत. सीएमव्हीची साधारण दर आठवड्याला निदान १०० व्या दिवसापर्यंत करतात, जीव्हीएचडी असेल तर पुढेही चालू ठेवतात. ईबीव्ही आणि अ‍ॅडिनोव्हायरसचं मुलाच्या रिस्कवर ठरतं.
- रिपोर्ट आला की तो बघणार कोण. हा प्रश्न फालतू वाटतो पण विचाराच. आमचा एक पॉझिटिव्ह रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी आला आणि सोमवारपर्यंत कुणी उघडलाच नाही. तेव्हापासून सॅम्पल दिलं की दुसऱ्या दिवशी मीच फोन करायचे.
- कोणतं प्रतिबंधक औषध देणार आणि किती दिवस.

या शेवटच्या मुद्द्यात एक चकवा आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे हर्पिस आणि कांजिण्या-नागीण यांच्यासाठी असतं, साधारण वर्षभर तरी देतात, इम्युनिटी दाबायची औषधं चालू असतील तर त्याहून जास्त. लेटर्मोव्हिर हे सीएमव्हीसाठी. अमेरिकेत ते २०१७ मध्ये मोठ्यांसाठी मंजूर झालं आणि २०२४ मध्ये सहा महिन्यांवरच्या, किमान ६ किलो वजनाच्या मुलांसाठीही. पण लेटर्मोव्हिर फक्त सीएमव्हीवर चालतं, हर्पिसवर नाही. दोन्ही 'व्हायरसचीच औषधं' म्हणून एक बंद केलं असं करू नका, दोन्ही लिहून दिली असतील तर दोन्ही द्यायची.

३. फाइल आणि सामान

एक फाइल अशी करा जी अर्ध्या रात्री कुणीही उचलून धावू शकेल. त्यात:

- डिस्चार्ज समरी, ट्रान्सप्लांटची तारीख, डोनर कोण आणि मॅच कसा
- आजची औषधांची यादी, डोस आणि वेळेसकट (जुनी यादी काढून टाका, दोन याद्या असल्या की गोंधळ होतोच)
- सगळे पीसीआर रिपोर्ट तारखेप्रमाणे
- मुलाचा आणि डोनरचा ब्लड ग्रुप. ट्रान्सप्लांटनंतर ग्रुप बदलू शकतो, आणि रक्त-प्लेटलेट इररॅडिएटेड (किरणांची प्रक्रिया केलेले) आणि ल्युकोडिप्लिटेडच (पांढऱ्या पेशी काढलेले) लागतात हे ठळक लिहून ठेवा, इमर्जन्सीतल्या नवीन डॉक्टरला ते माहीत असेलच असं नाही
- कुठली लाइन (औषध द्यायला शिरेत घातलेली नळी) आहे, कधी घातली
- टीमचे फोन नंबर, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा

सामान फार नाही. दोन डिजिटल थर्मामीटर (एक ऐन वेळी बिघडतोच), औषधाच्या सिरिंजा, शू मोजायला खुणांचं भांडं, आणि एक वही. वहीत रोज तापमान, वजन, किती प्यायली, शी किती वेळा, शूचा रंग, आणि औषध उलटून टाकलं तर कधी. ही वही मला सगळ्या अ‍ॅपपेक्षा उपयोगी पडली, डॉक्टर ओपीडीत तीच मागायचे.

४. कोण कधी येतो

ढोबळ क्रम असा, पण प्रत्येक मूल वेगळं असतं.

पहिल्या महिन्यात तोंडातले हर्पिसचे फोड, म्हणून तर अ‍ॅसायक्लोव्हिर. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एचएचव्ही-६. तो बहुतेक मुलांना दोन वर्षांच्या आत होऊन गेलेला असतो. ट्रान्सप्लांटनंतर तो खूप जणांत जागा होतो आणि बहुतेक वेळा काही करत नाही, पण क्वचित मेंदूला सूज आणतो. मूल गोंधळल्यासारखं वागायला लागलं, आत्ता सांगितलेलं आत्ता विसरलं, झटका आला, तर 'औषधांमुळे गुंगीत असेल' म्हणून सोडू नका.

सीएमव्ही साधारण पहिल्या १०० दिवसांत. सुरुवातीला काहीच लक्षण नसतं, फक्त रक्तात दिसतो. तेव्हाच पकडून औषध सुरू करतात, म्हणजे फुप्फुसात, आतड्यात किंवा डोळ्यात जायच्या आधी. म्हणूनच 'मूल छान आहे, या आठवड्यात नको टोचायला' हा विचार सगळ्यात महागात पडतो. मूल छान असतानाच तर ती टेस्ट करायची असते.

अ‍ॅडिनोव्हायरस मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त त्रास देतो. जुलाब, ताप, लिव्हर बिघडणं, लघवीत रक्त. बऱ्याचदा तो आधी शीच्या तपासणीत वाढताना दिसतो आणि मग रक्तात येतो, त्यामुळे टीमने शीचं सॅम्पल मागितलं तर कंटाळा करू नका.

ईबीव्हीमुळे बी सेल्स (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) बेफाम वाढू शकतात, त्याला पीटीएलडी म्हणतात. न उतरणारा ताप, मानेत काखेत गाठी, टॉन्सिल सुजणं. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) वाढताना दिसला की बऱ्याचदा रिटुक्सिमॅब देतात, ते बी सेल्स मारतं. त्यानंतर अँटिबॉडी बरेच महिने कमी राहतात आणि लसीही पुढे ढकलाव्या लागतात.

आणि बीके. याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आम्ही ते जवळून बघितलंय. ४१ वा दिवस होता. ती बाथरूममधून ओरडली, 'आई, शू गुलाबी आली.' मी भांडं खिडकीच्या उजेडात धरलं, फिकट सरबतासारखा रंग होता. दुपारपर्यंत गडद लाल, आणि रात्री त्यात जेलीसारख्या गुठळ्या. दर दहा मिनिटांनी जायचं, दोन थेंब यायचे आणि ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. व्हायरस मूत्राशयाचं अस्तर सोलून काढतो, म्हणून इतकं दुखतं. याच्यावर असं खात्रीचं औषध अजून नाही, सलाइनने भरपूर पाणी देणं, प्लेटलेट नेहमीपेक्षा वर ठेवणं, दुखण्यावरची औषधं, आणि गुठळ्यांनी लघवी अडली तर जाड कॅथेटर घालून मूत्राशय सतत धुणं. आम्हाला तीन आठवडे लागले. तुम्ही एकच करा, पहिली गुलाबी शू दिसली की कळवा आणि भांड्याचा फोटो काढून ठेवा. आणि शू अडली, पोट खाली फुगलं तर तिथून पुढे एक तासही थांबायचं नाही. उलट कुठलंच लक्षण नसताना लघवीत बीके पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका, तो पुष्कळ मुलांत नुसताच दिसतो.

सर्दीवाले व्हायरस, आरएसव्ही, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा, कोविड, हे मात्र बाहेरूनच येतात आणि वर्षभर कधीही येतात. साधी सर्दी वाटते आणि चार दिवसांत छातीत उतरते. नाक गळायला लागलं की त्याच दिवशी कळवा, फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त चालतं.

५. पीसीआरचा रिपोर्ट वाचताना

पहिलं, युनिट बघा. कॉपीज पर एमएल आणि इंटरनॅशनल युनिट पर एमएल हे वेगळे आकडे आहेत. दुसरं, शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि सॅम्पलही एकाच प्रकारचं द्या. आम्ही एकदा सोय म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये दिलं आणि आकडा चौपट आला, दोन रात्री झोप नाही, नंतर कळलं की एक लॅब प्लाझ्मावर करते आणि दुसरी पूर्ण रक्तावर, तुलनाच चुकीची होती.

तिसरं, लहान चढउतारावर जाऊ नका. ८०० चे १,१०० झाले म्हणजे वाढलं असं नसतं, टेस्टमध्येच तेवढा फरक पडतो. साधारण तिप्पट किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तो खरा मानतात. डॉक्टर 'लॉग'मध्ये बोलतात, एक लॉग म्हणजे दहापट. चौथं, औषध सुरू केल्यावर पहिला आठवडा, कधी दोन आठवडेही आकडा वरच जाऊ शकतो, विशेषतः स्टेरॉइड चालू असतील तर. त्याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा लगेच काढू नका. मी काढला होता आणि डॉक्टरांशी भांडलेही होते, दहाव्या दिवसानंतर आकडा उतरायला लागला.

आणि कुणी अँटिबॉडीची टेस्ट करून 'आयजीजी पॉझिटिव्ह आलाय' म्हणून घाबरवलं तर लक्षात ठेवा, आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या तयार अँटिबॉडी) आणि ब्लड प्रॉडक्टमधून दुसऱ्यांच्या अँटिबॉडी मुलाच्या रक्तात येतात. ट्रान्सप्लांटनंतर भरवसा पीसीआरवर.

६. औषधं सुरू झाली की

सीएमव्हीवरची गॅनसायक्लोव्हिर आणि तोंडाने द्यायचं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही औषधं काउंट खाली आणतात. इतक्या कष्टाने आलेला एएनसी परत पडताना बघून काळजात धस्स होतं, पण हे अपेक्षित असतं, गरज पडली तर जीसीएसएफ (न्यूट्रोफिल्स वाढवायचं इंजेक्शन) देतात किंवा औषध बदलतात. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी फोडू किंवा कुटू नका, सिरप देताना हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने या औषधाला हात लावायचा नाही.

फॉस्कार्नेट (हेही सीएमव्हीवरचं) काउंटला धक्का लावत नाही पण किडनीवर येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम खाली जातात. ओठाभोवती मुंग्या आल्या, हातपाय वळले तर लगेच सांगा. हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि तिथली त्वचा सोलवटते, म्हणून प्रत्येक शूनंतर पाण्याने धुवून हलकं टिपून कोरडं करायचं, डायपरवालं बाळ असेल तर डायपर पटापट बदला. सिडोफोव्हिर जास्त करून अ‍ॅडिनोसाठी, तेही किडनीला जड, म्हणून त्याच्या आधी-नंतर सलाइन आणि प्रोबेनेसिड नावाची गोळी देतात. ती गोळी चुकवायची नाही. औषधांनी भागलं नाही तर काही सेंटर्समध्ये व्हायरस ओळखणाऱ्या टी सेल्स देतात, त्याबद्दल वेळ असतानाच विचारून ठेवा, कारण जुळवाजुळवीत दिवस जातात.

आता लेव्हलचा, म्हणजे रक्तातल्या औषधाच्या प्रमाणाचा चकवा. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांची लेव्हल सकाळचा डोस द्यायच्या आधी काढायची असते. सवयीने आधी डोस पाजला की लेव्हल खोटी वर दिसते, डोस कमी केला जातो आणि जीव्हीएचडी डोकं वर काढू शकतो. आम्ही लेव्हलच्या दिवशी ती बाटली फाइलच्या पिशवीतच ठेवायचो, म्हणजे घरात हाताला लागायलाच नको. वोरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल (ही दोन्ही फंगसची औषधं), लेटर्मोव्हिर यांनीही ही लेव्हल हलते, म्हणून यातलं काही सुरू किंवा बंद झालं की 'लेव्हल परत कधी' हे विचारा.

व्हायरस वाढला की डॉक्टर इम्युनिटी दाबणारं औषध कमी करायचं बघतात. ते व्हायरससाठी चांगलं आणि जीव्हीएचडीसाठी धोक्याचं, दोन्ही बाजू तोलून ते ठरवतात. स्वतःच्या मनाने एक डोससुद्धा कमी करू नका.

७. ताप आला तर

१०० फॅरनहाइट म्हणजे अर्ध्या तासाने परत बघा, १००.४ म्हणजे फोन, लगेच, वेळ कितीही असो. फोनच्या आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन तर नाहीच, प्लेटलेट आणि किडनी दोन्हीला वाईट. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही. आणि स्टेरॉइड चालू असतील तर मोठं इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कधीकधी, तेव्हा ताप नाही पण मूल मलूल आहे, श्वास भरभर चाललाय, शी पाण्यासारखी होतेय, डोळ्यांपुढे ठिपके किंवा धुकं दिसतंय म्हणतंय, यालाही तापाइतकंच माना.

८. घरातली काळजी

हात धुणं सगळ्यांना माहीत असतं, पण एक गोष्ट मला उशिरा कळली. अ‍ॅडिनो आणि नोरोव्हायरस सॅनिटायझरच्या जेलने नीट मरत नाहीत, त्यांना साबण आणि वाहतं पाणीच लागतं, वीस सेकंद तरी. जुलाब असतील तर संडासचा नळ, कडी, फ्लशचं बटण ब्लीचवाल्या क्लीनरने पुसा. जुलाब थांबल्यावरही व्हायरस शीतून बरेच आठवडे जात राहतो.

घरातल्या सगळ्यांनी फ्लूचं इंजेक्शन घ्यायचं, नाकातला स्प्रे नको, तो जिवंत लसीचा असतो. भावंडांच्या लसी थांबवू नका, फक्त पोलिओचे तोंडावाटे थेंब टाळून इंजेक्शन द्यायला सांगा. भावंडाला गोवरची लस चालते. कांजिण्यांची लसही चालते, पण नंतर त्याला पुरळ आलं तर ते जाईपर्यंत लांब ठेवा. तान्ह्या भावंडाला रोटाव्हायरसची लस दिली असेल तर काही आठवडे त्याचे डायपर दुसऱ्या कुणीतरी बदला आणि हात धुवा.

९. कांजिण्यांचा संपर्क, लसी आणि शाळा

ट्रान्सप्लांटनंतर जुन्या लसींचा असर बराचसा पुसला जातो, मूल पुन्हा नवजात बाळासारखं. साधारण ६ ते १२ महिन्यांनी निष्क्रिय लसी परत सुरू होतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी २४ महिन्यांच्या आधी नाही, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल, इम्युनिटी दाबणारी औषधं बंद असतील तरच. शाळेच्या लसीकरण मोहिमेत चुकून दिली जाऊ नये म्हणून शाळेला लेखी पत्र द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

शाळा सुरू झाली की वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा, वर्गात कुणालाही कांजिण्या, नागीण किंवा गोवर निघाला तर मला त्याच दिवशी फोन करा. आम्हाला असा फोन एका बुधवारी आला, तिच्याच बाकावरच्या मुलीला कांजिण्या निघाल्या होत्या. संपर्कानंतर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यायचं असेल तर ते जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या ४ दिवसांत, उशिरात उशिरा १० दिवसांपर्यंत, आणि ते मिळालं नाही तर अ‍ॅसायक्लोव्हिरचा कोर्स देतात. आम्ही तासाभरात टीमशी बोललो, त्याच संध्याकाळी इंजेक्शन झालं आणि पुढचे २८ दिवस ती घरी राहिली, कारण इम्युनोग्लोब्युलिननंतर कांजिण्या उशिरा निघू शकतात. रोज आंघोळीच्या वेळी पाठ, पोट, डोक्यावरचे केस बाजूला करून बघायचे. एकही फोड आला नाही. एकोणतिसाव्या दिवशी ती शाळेत गेली आणि बाकावरच्या त्याच मुलीशेजारी जाऊन बसली.